विमान तेच, वाटेत थांबा: असा प्रवास नेमका कसा होतो आणि त्याची तयारी कशी करावी

माझी मावशी ६८ वर्षांची असताना पहिल्यांदा एकटी विमानाने निघाली. फ्लाइट ‘डायरेक्ट’ होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वाटेत विमान एका शहरात उतरलं. आजूबाजूचे लोक उठून वरच्या कप्प्यातल्या बॅगा काढू लागले, तशी तीही उठली. पिशवी घेतली, लोकांच्या मागोमाग बसमध्ये चढली आणि सामानाच्या पट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली. तिची बॅग तिथे येणारच नव्हती. ती विमानाच्या पोटात होती, आणि विमान पुढच्या शहराला निघायच्या तयारीत होतं. मावशीलाही तिथेच जायचं होतं. विमानात मोजणी झाली, एक माणूस कमी भरला, धावाधाव झाली आणि तिला परत नेऊन बसवलं. त्या दिवशी तिने जो धसका घेतला, त्याला जबाबदार आम्ही घरचे. ‘विमान मध्ये थांबेल, तू जागेवरून हलू नकोस’ एवढं एक वाक्य तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

एवढं होऊनही माझं मत असं आहे की वयस्कर माणसं, तान्ह्या बाळाची आई, पहिल्यांदा उडणारं कोणीही यांच्यासाठी विनाथांबा विमान नसेल, तर वाटेत थांबणारं पण न बदलणारं विमान हाच सगळ्यात चांगला पर्याय. दोनपाचशे रुपये जास्त पडले तरी घ्यावा. मात्र आतली पद्धत माहीत हवी.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

एसटीच्या पाटीवर ‘विनाथांबा’ असा स्वच्छ शब्द असतो. गाडी सुटली की मुक्कामालाच थांबणार. विमानाच्या भाषेत हे नॉनस्टॉप. याउलट साधी लांब पल्ल्याची एसटी दर स्टँडला थांबते, काही उतरतात, काही चढतात, पण तुमची गाडी तीच आणि सीटही तेच. विमानाच्या भाषेत याला डायरेक्ट किंवा थ्रू फ्लाइट म्हणतात. म्हणजे ‘डायरेक्ट’ याचा अर्थ ‘न थांबता’ असा नाही. एका फ्लाइट नंबरवर तुम्ही इथून तिथे पोचता, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत आपण दोन्हींना ‘थेट’ म्हणून मोकळे होतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. तिसरी ती कनेक्टिंग फ्लाइट. तिच्यात नंबर दोन, विमानं दोन, आणि पहिलं उशिरा आलं तर दुसरं चुकण्याची धास्ती.

शिवाय एक चौथा प्रकार आहे, आणि फसगत होते ती याच्यात. फ्लाइट नंबर एकच असतो, पण मधल्या विमानतळावर विमान बदलतं. मोठं विमान तिथवर येतं, पुढचा टप्पा लहान विमान करतं, कागदावर मात्र एकच प्रवास दिसतो. तेव्हा नंबर एक म्हणजे विमान एक असं धरून चालू नका.

वाटेत थांबत जाणं ही खरं तर आपल्या विमानसेवेची जन्मापासूनची रीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, तेव्हा त्यांचं छोटं पस मॉथ विमान इंधनासाठी अहमदाबादला थांबलं आणि मग मुंबईत जुहूला उतरलं. तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रास गाठलं. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला गेलं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. त्या काळी विमानांचा पल्लाच तेवढा होता. आज पल्ला वाढला, पण थांबे संपले नाहीत, कारण थांब्यांची कारणं बदलली.

विमान थांबतं कशासाठी?

तुमच्या थांब्याचं कारण कळलं की तिथे काय होणार याचा अंदाज येतो.

देशातल्या बहुतेक फेऱ्यांमध्ये कारण साधं असतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात विमान भरेल इतके प्रवासी नसतात. मग मधलं शहर जोडलं की तीन प्रकारचे प्रवासी एकाच विमानात बसतात: पहिल्या टप्प्याचे, दुसऱ्या टप्प्याचे आणि तुमच्यासारखे शेवटपर्यंत जाणारे.

याचं टोकाचं उदाहरण प्रशांत महासागरात आहे. युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान होनोलुलूहून निघून माजुरो, क्वाजालीन, कोस्राए, पोनपेई, चुउक असं बेटामागून बेट करत ग्वामला पोचतं. लोक त्याला ‘आयलंड हॉपर’ म्हणतात. या बेटांसाठी हे विमान म्हणजे आपल्याकडच्या मुक्कामी एसटीसारखं आहे. दवाखान्याला जाणारा रुग्ण, शाळेला निघालेलं पोर, टपाल, सगळं त्यातूनच जातं. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही, म्हणून विमानात मेकॅनिकही बरोबर असतो. क्वाजालीन हा अमेरिकी सैन्याचा तळ असल्याने तिथे परवानगीशिवाय उतरताच येत नाही.

दुसरं कारण इंधन. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, वाट लांबली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबू लागली. याला टेक्निकल हॉल्ट म्हणतात. अशा थांब्यावर सहसा कोणी प्रवासी चढत नाही, उतरत नाही. इंधन भरलं जातं, बऱ्याचदा वैमानिक आणि केबिन क्रू बदलतात. अशा वेळी तुम्ही जागेवर बसून राहायचं.

तिसरं कारण हक्कांचं. कोणत्या देशाच्या विमानाने कुठून कुठे प्रवासी न्यायचे हे देशादेशांतल्या करारांवर ठरतं, आणि त्या व्यवस्थेचा पाया १९४४ च्या शिकागो परिषदेत घातला गेला. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान फ्रँकफर्टला थांबून न्यूयॉर्कला जातं, आणि फक्त फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क एवढंच तिकीटही त्यावर मिळतं, कारण तसा करार आहे. उलट क्वांटासचं विमान कित्येक वर्षं लॉस एंजेलिसला थांबून न्यूयॉर्कला जायचं, पण त्या शेवटच्या टप्प्यासाठी स्थानिक प्रवाशांना ते तिकीट विकू शकत नव्हतं. दोन अमेरिकी शहरांमधली वाहतूक परदेशी कंपनीला करता येत नाही.

पहिली पायरी: तिकीट काढताना

शोधाच्या पानावर ‘१ स्टॉप’ एवढंच दिसतं. त्यावर बोट ठेवून सविस्तर माहिती उघडा आणि चार गोष्टी पाहा.

फ्लाइट नंबर दोन्ही टप्प्यांना एकच आहे का. विमानाचा प्रकार दोन्हीकडे सारखा आहे का. एकीकडे एअरबस ए३२० आणि दुसरीकडे एटीआर हे लहान विमान दिसलं, तर विमान बदलणार हे नक्की. मधला थांबा किती वेळाचा आहे. देशांतर्गत प्रवासात तो अर्ध्यापाऊण तासाचा असेल तर बहुधा विमान तेच, दोनतीन तासांचा असेल तर शंका घ्या. आणि ‘विमान बदल नाही’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का. काही संकेतस्थळं ते स्पष्ट देतात.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर आदल्या आठवडाभरात त्या नंबरचं उड्डाण कसं झालं ते फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर बघता येतं. प्रत्येक विमानाला गाडीच्या नंबरप्लेटसारखा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय विमानांचा ‘व्हीटी’ ने सुरू होतो. दोन्ही टप्प्यांना रोज तोच क्रमांक दिसत असेल तर विमान खरोखर तेच आहे. हा खटाटोप वाटेल, पण आई-वडिलांना एकटं पाठवायचं असेल तर मी तो दर वेळी करते.

विमानतळ कोणता तेही बघा. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत. मुंबईत सांताक्रूझ-अंधेरीच्या जोडीला २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. विमान तेच असेल तर मधल्या शहरात विमानतळ बदलायचा प्रश्नच येत नाही, आणि या पर्यायाचा हा मोठा फायदा आहे. कनेक्टिंग तिकिटात मात्र एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं, असाही प्रकार पदरी पडू शकतो.

दुसरी पायरी: चेक-इन आणि सामान

कधी संपूर्ण प्रवासाचा एकच बोर्डिंग पास मिळतो, कधी टप्प्यागणिक एक. दोन मिळाले तर दोन्हींवरचे सीट नंबर ताडून बघा. वेगळे असतील तर काउंटरवर विनंती करून एकच सीट मागा, नाहीतर थांब्यावर तुमच्या जागेचा नवा मालक येऊन उभा राहील आणि तुम्हाला सामानासकट उठावं लागेल.

चेक-इन केलेल्या बॅगेला जो टॅग लावतात, त्यावर तीन अक्षरी खूण असते: मुंबई बी-ओ-एम, पुणे पी-एन-क्यू, नागपूर एन-ए-जी, छत्रपती संभाजीनगर आय-एक्स-यू, दाबोळी जी-ओ-आय, मोपा जी-ओ-एक्स. टॅगवर तुमच्या शेवटच्या मुक्कामाचीच खूण आहे ना, हे बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधी वाचा. मधल्या शहराची असेल तर तिथल्या तिथे सांगा. टॅग बरोबर असेल तर मध्ये काहीही करायचं नाही. त्या शहराच्या बॅगा वेगळ्या काढता याव्यात अशाच बेताने सामान रचलेलं असतं, आणि तुमची बॅग पोटातच राहते.

औषधं, चष्मा, फोनचा चार्जर, पाण्याची बाटली हे सगळं समोरच्या सीटखाली बसेल अशा लहान पिशवीत ठेवा, वरच्या कप्प्यात नको. का, ते पुढे येतंय.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष थांब्यावर

विमान खाली उतरायला लागलं की घोषणा होते. तिच्यात दोन वाक्यं असतात: इथे उतरणाऱ्यांनी काय करायचं, आणि पुढे जाणाऱ्यांनी काय करायचं. दुसरं वाक्य तुमचं. भारतात देशांतर्गत फेरीत ते जवळजवळ नेहमी असं असतं की पुढे जाणाऱ्यांनी आपापल्या जागेवर बसून राहावं.

घोषणा होण्याआधीच स्वच्छतागृहात जाऊन या. जमिनीवर असताना इंधन भरणं चालू असेल तर केबिन क्रू जागेवर बसायला सांगतात आणि पट्टा सोडून ठेवायलाही सांगतात. लोकांना हे विचित्र वाटतं, कारण एरवी सगळा आग्रह पट्टा बांधण्याचा असतो. इंधन भरताना काही झालंच तर सगळ्यांना क्षणात बाहेर पडता यावं, म्हणून पट्टा मोकळा आणि मधली वाट रिकामी ठेवायची असते.

उतरणारे उतरले की कर्मचारी एकेक रांग तपासत येतात. बोर्डिंग पास बघतात, माणसं मोजतात आणि वरच्या कप्प्यातली प्रत्येक बॅग कोणाची ते विचारतात. ‘ही माझी’ म्हणणारं कोणी नसेल, तर ती बॅग खाली उतरवली जाते. औषधांची पिशवी पायाशी ठेवायची ती म्हणूनच. तेव्हा पहिला टप्पा संपला म्हणून बोर्डिंग पास चुरगाळून टाकू नका, आणि आपली हातबॅग आपल्याच डोक्यावरच्या कप्प्यात ठेवा, दहा रांगा मागे नको. आजी-आजोबांना आपली बॅग ओळखू यावी म्हणून मी तिच्या मुठीला लाल लोकरीचा गोंडा बांधून देते.

ही तपासणी काहींना जाचक वाटते. ती का होते हे कळलं की वाटणार नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ माँट्रियलहून लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचं होतं. त्यात एका अशा प्रवाशाची बॅग चढवली गेली होती, जो स्वतः विमानात चढलाच नाही. आयर्लंडजवळ अटलांटिकवर बॉम्बस्फोट झाला आणि विमानातले सगळे ३२९ जण गेले. त्यानंतर माणूस आणि त्याचं सामान यांची सांगड घालण्याचा नियम जगभर कडक झाला. थांब्यावर कोणी उतरून परत आला नाही, तर त्याची बॅग शोधून काढेपर्यंत विमान हलवत नाहीत. माझ्या मावशीसाठी धावाधाव झाली ती याच कारणाने.

मग सफाई होते, खाद्यपदार्थांच्या गाड्या चढतात, नवे प्रवासी येतात. दारं उघडी असताना मे महिन्यात आत चांगलंच उकडतं, हातात पाणी असू द्या. विमान सुटायच्या आधी सुरक्षेच्या सूचना पुन्हा पहिल्यापासून होतात. एखाद्याला झोप लागलेली असेल तर जाग आल्यावर आपण पोचलो की अजून जायचंय हे उमगत नाही. शेजारी वयस्कर माणूस एकटा असेल, तर विचारा त्यांना कुठे उतरायचंय. एवढ्याने फार मोठा आधार होतो.

परदेशातला थांबा

इथे नियम उलटा होतो. देश बदलत असेल आणि थांबा नुसता इंधनाचा नसेल तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खाली उतरवतात, तेही सगळं हातसामान घेऊन. क्वांटासचं क्यूएफ १ सिडनीहून लंडनला जाताना सिंगापूरला थांबतं. सगळे उतरतात, पाय मोकळे करतात, पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि सगळे आपापल्या सीटवर परत येऊन बसतात. पोटातल्या बॅगा मात्र आपल्या आपण पुढे जातात. विमान तेच म्हणून खरेदीची पिशवी आत ठेवून जाणं चालत नाही. पुन्हा तपासणी असल्याने पहिल्या विमानतळावर घेतलेली पाण्याची बाटलीही तिथे अडू शकते. उतरताना गेट नंबर आणि परतायची वेळ टिपून घ्या, आणि ती वेळ तिथल्या घड्याळाची आहे हे विसरू नका.

व्हीलचेअर मागितली असेल तर ती मधल्या विमानतळावरही लागेल, असं तिकीट काढतानाच नोंदवा. हे निसटतं आणि मग माणूस लांबलचक टर्मिनलमध्ये अडकून पडतो.

अमेरिकेचा नियम सगळ्यात वेगळा. अमेरिकेच्या भूमीवर विमान थांबलं आणि तुम्ही तिथून तिसऱ्या देशात जाणार असलात, तरी इमिग्रेशन होतं. एअर न्यूझीलंडचं ऑकलंड–लॉस एंजेलिस–लंडन विमान २०२० पर्यंत होतं, आणि लंडनला जाणाऱ्यालाही त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा किंवा ईस्टा (काही देशांच्या नागरिकांना व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) लागत असे. तुम्ही अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहराला जात असाल, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅग ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा सोडावी लागते. टॅगवर शेवटच्या शहराचं नाव असलं तरीही.

आयर्लंडने यावर एक सुंदर सोय केली आहे. तिथे शॅनन आणि डब्लिनला अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच होतं. ब्रिटिश एअरवेजचं ३२ सीटचं एक छोटं ए३१८ विमान २००९ पासून २०२० पर्यंत लंडन सिटीहून न्यूयॉर्कला जायचं. लंडन सिटीची धावपट्टी आखूड, म्हणून पुरेसं इंधन घेऊन उडणं शक्य नव्हतं. ते शॅननला थांबून इंधन भरायचं आणि तेवढ्या वेळात प्रवाशांचं अमेरिकी इमिग्रेशन उरकायचं. न्यूयॉर्कला ही माणसं देशातल्या देशात आल्यासारखी सरळ बाहेर पडत.

भारतीय पासपोर्टवर काही देशांत नुसतं विमानतळावर थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि हे नियम बदलत राहतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

देशातल्या देशात उडत असूनही तुमचं विमान पुढे परदेशी जाणार असेल, किंवा परदेशातून आलेलं असेल, तर तुम्हाला आंतरराष्ट्रीय बाजूने जावं लागू शकतं. बोर्डिंग पासवर वेगळी खूण करतात, बाहेर पडताना कस्टम्स लागतं आणि वेळ जास्त जातो. अशा वेळी नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

काही बिघडलं तर

पहिला टप्पा उशिरा झाला तर दुसराही होणार, पण तुमचं विमान चुकत नाही, कारण तुम्ही त्यातच बसलेले असता. मधल्या शहरात विमानात बिघाड निघाला तर कंपनी दुसरं विमान देते आणि सगळ्यांना हलवते. तेव्हा मात्र हातसामान सोबत घेऊन उठायचं आणि घोषणा नीट ऐकायची. भारतात उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतलं एक मागायचा हक्क तुम्हाला आहे, तो मागा.

मध्येच उतरून जाण्याचा विचार कोणी करतात, कारण लांबचं तिकीट कधीकधी जवळच्यापेक्षा स्वस्त असतं. माझा सल्ला, करू नका. बॅग पुढे जाते, परतीचं तिकीट रद्द होऊ शकतं आणि तुमच्यामुळे अख्खं विमान खोळंबतं.

वयस्कर माणसाच्या खिशातली चिठ्ठी

मावशीच्या त्या प्रवासानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली. एकटं जाणाऱ्याच्या खिशात जाड कागदाची चिठ्ठी असते, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि खाली हिंदीत. त्यावर असतं: मी अमुक शहराला जात आहे. वाटेत विमान अमुक ठिकाणी साधारण इतक्या वाजता थांबेल. मी तिथे उतरणार नाही. माझा सीट नंबर हा. माझी वरची बॅग निळी, लाल गोंड्याची. माझी मोठी बॅग शेवटच्या शहरातच मिळेल. मला या या वेळी गोळी घ्यायची आहे. विमानात शिरताना ही चिठ्ठी दारातल्या केबिन क्रूला एकदा दाखवायची आणि म्हणायचं, ‘थांब्यावर मला सांगाल का?’ मागच्या बाजूला न्यायला येणाऱ्याचं नाव आणि दोन फोन नंबर असतात, कारण एक नंबर नेमका त्याच वेळी लागत नाही.